लाकडी ओट्यावरचा डाग आधी ओळखा, मग घासा

महोदय,

गृहसजावटीच्या पानांवर लाकडी ओट्याचे फोटो हल्ली वरचेवर दिसतात. त्यावर गरम कढई टेकली तर पुढे काय, हे मात्र क्वचितच छापून येते, आणि आले तर लिंबू, मीठ, खायचा सोडा. हा उतारा सरसकट सगळ्या डागांना लावू नये. हळदीच्या डागावर सोडा किंवा साबण पडला की तो लालभडक होतो आणि लोक आणखी जोराने घासतात. हळदीला खरा उतारा उन्हाचा. ऊन येत असेल तर पुसून नुसते सोडून द्यावे, काही दिवसांत डाग फिका पडतो.

घासण्यापूर्वी ओट्याची कड पाहावी. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरत असतील तर लाकूड भरीव आहे. कडेला पट्टी मारलेली असेल तर बहुधा आत प्लाय आणि वर अर्ध्या मिलिमीटरचे व्हिनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, असतो. त्यावर ८० नंबरचा खरखरीत पॉलिश पेपर चार वेळा फिरवला की प्लाय दिसू लागतो. सनमाइका तर घासायचाच नसतो.

पांढरट वर्तुळ दिसले तर लाकडाला काहीही झालेले नसते. वाफ पॉलिशच्या थरात अडकलेली असते. सुती कापडाची दुहेरी घडी ठेवून कोमट इस्त्री काही सेकंद टेकवावी, उचलून पाहावे, पुन्हा टेकवावी. ओल्या चुंबळीवर गरम पातेले ठेवल्यानेही हाच डाग पडतो, त्यामुळे चुंबळ कोरडी हवी.

काळा डाग वेगळा. सागवानातले टॅनिन (लाकडातले तुरट द्रव्य), पाणी आणि लोखंड एकत्र आले की तो तयार होतो. ओला तवा, विळी, तारेच्या घासणीचे तुटलेले कण ही नेहमीची कारणे. एक लिटर कोमट पाण्यात ५० ते ६० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवावे. भांडे काचेचे किंवा प्लास्टिकचे असावे, धातूचे नको. नुसत्या डागावर लावले तर तिथे फिका ठिपका उरतो, म्हणून ब्रशने पूर्ण फळीवर लावावे. पंधरा-वीस मिनिटांनी पुसावे, गरज पडल्यास पुन्हा लावावे. मग लिटरभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून एकदा आणि साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवावे. हे ॲसिड विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा हवाच. न धुता घासले तर त्याची भुकटी नाकातोंडात जाते. रबरवुडवरचा (रबराच्या झाडाच्या लाकडावरचा) काळेपणा मात्र बहुतेकदा बुरशीचा असतो, त्यावर हे चालत नाही. तिथे पातळ केलेले ब्लीच लावावे, पण ॲसिडसोबत कधीही नाही, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

आता जळलेला डाग. तिथे लाकडाचा कोळसा झालेला असतो आणि तो कोणत्याही रसायनाने जात नाही, खरवडावाच लागतो. धारदार पत्ती किंचित तिरकी धरून ताजे लाकूड दिसेपर्यंत खरवडावे. मग ८० नंबर फक्त डागावर, १२० नंबर चारही बाजूंना वीतभर, पुढे १८० आणि २२० (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक). मधला नंबर गाळला तर ८० चे ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. हात रेषेच्या दिशेनेच चालवावा. डागापुरतेच घासले तर खळगा पडतो, त्यात पाणी साचते आणि वर्षभरात तिथे काळे पडते. शेवटी ओल्या फडक्याने पुसावे, उभे राहिलेले तंतू वाळू द्यावेत आणि २२० हलकेच फिरवावा.

जळालेला भाग तीन मिलिमीटरहून खोल गेला असेल तर थिगळ, म्हणजे लाकडाचा तुकडा, बसवणे उत्तम. भुसा आणि सुतारकामाचा पांढरा डिंक कालवून भरण्याची पद्धत आम्हाला पसंत नाही. डिंक तेल पीत नाही, त्यामुळे तो ठिपका कायम वेगळा दिसतो. थिगळ त्याच लाकडाचे, रेषा जुळवून, जाडीला किंचित जास्त घ्यावे. इपॉक्सीने (दोन भाग मिसळून वापरायच्या गोंदाने) चिकटवून दुसऱ्या दिवशी रंध्याने सपाट करावे. चौकोनापेक्षा शंकरपाळ्याचा आकार कमी नजरेत भरतो, कारण रेषांना आडवा सांधा येत नाही.

वरचा थर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइन या कडक पॉलिशचा असेल तर ठिगळपट्टी खपत नाही. पूर्ण फळी उतरवून पॉलिश करावी लागते. म्हणूनच स्वयंपाकघरात आम्ही तेल सुचवतो. शेंगदाणा किंवा खोबरेल वापरू नये, ते वाळत नाही. शेंगदाण्याचे तर चिकट होऊन वासही मारते. टंग तेल (टंग झाडाच्या बियांचे) किंवा अळशीचे तेल पातळ लावावे, वीस मिनिटांनी उरलेले सगळे पुसून काढावे, किमान चोवीस तास थांबावे, असे तीन हात. रंगाच्या दुकानातल्या उकळलेल्या अळशीच्या तेलात तेल लवकर वाळवणारी धातूंची संयुगे (ड्रायर) असतात, म्हणून डबा वाचून घ्यावा. सिंकच्या कापलेल्या कडा सर्वात जास्त पाणी पितात, तिथे दोन हात जादा द्यावेत. पावसाळ्यात हे काम काढू नये. लाकूड ओले राहते आणि तेल आठवडा झाला तरी चिकटच.

तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. अळशीचे तेल वाळताना उष्णता सोडते, ती बोळ्यात कोंडली की चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या दोरीवर एकेक पसरून कडक वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. तेलाच्या डब्यावर ही सूचना ठळक मराठीत छापलेली असायला हवी.

— लाकूडकाम व पॉलिश व्यवसायातील दोन वाचक, डोंबिवली