सॉ मिलच्या गावांचा इतिहास

संपादक महोदय,

सॉ मिल म्हणजे लाकूड कापण्याच्या गिरणीभोवती वसलेल्या आणि ती बंद पडताच ओसरलेल्या लहान गावांचा इतिहास शोधताना बहुतेकदा गिरणीमालकांच्या चरित्रापाशीच थांबले जाते, हे खटकते. अमेरिकेतील सॅनबर्न कंपनीने १८६७ पासून आगीच्या विम्यासाठी काढलेल्या, साधारणपणे एका इंचाला ५० फूट या प्रमाणाच्या नकाशांत बॉयलर, लाकूड वाळवण्याची भट्टी, पाण्याची पिंपे, इतकेच काय, रात्री पहारेकरी असतो की नाही, हेही नोंदलेले सापडते. विमा कंपन्यांना गावाच्या थोरवीशी काही देणेघेणे नव्हते, म्हणूनच ही नोंद मला अधिक विश्वासार्ह वाटते. ओंडके तरंगत ठेवण्याच्या तळ्याचा बांधही कधीकधी गिरणी गेल्यानंतर उरतो. पगारपत्रके आणि कंपनीच्या दुकानातील उधारीच्या वह्या मात्र रद्दीत जातात. स्थानिक ग्रंथालयांनी त्या आधी स्कॅन करून घ्याव्यात. स्मारकफलक नंतरही लावता येईल.

– एक वाचक