पुठ्ठाच द्या की त्याला

आदरणीय साहेब,

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडलं नसतं. माझ्या जुन्या डायरीत तुमचा पुण्याचा नंबर आहे, पण तो आकडे वाढण्याच्या आधीचा. त्यावर फोन लागत नाही, म्हणून हे उघडं पत्र.

साल २०००. १९९८ च्या धोरणानं खासगी लोकांना इंटरनेट विकता येऊ लागलं होतं आणि आम्ही सोलापूरपुरता सी वर्गाचा परवाना काढला होता. त्यासाठी अण्णांनी सहा माग विकले. आधीचे सहा मंदीत गेले होते, हे शेवटचे. माग उचलून नेले त्या दिवसापासून गल्लीत त्यांना कुणी 'मालक' म्हणेना. रोज दारात येणारा, माग बघणारा जॉबरसुद्धा नुसता 'अण्णा' म्हणू लागला. ते बोलले काही नाहीत, पण मला दिसत होतं.

त्या पैशातून एका मुंबईच्या विक्रेत्यानं आमच्या गळ्यात फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारे सोळा बाहेरचे मोडेम मारले, प्रत्येक खोक्यावर '५६ के' छापलेलं, म्हणजे वेग सेकंदाला ५६ किलोबिट. सोळा मोडेम, सोळा अडॅप्टर, तारांचं जंजाळ आणि सोलापूरचा मे महिना! दुपारी हात लावला तर चटका बसायचा. एखादा मोडेम तापून गप्प झाला की हंटिंगमधला, म्हणजे एकाच नंबरावरून मोकळ्या लाईनीकडे वळवलेला, कॉल नेमका त्याच्यावर जाऊन नुसता वाजत राहायचा. बंद-चालू करायला एक पोरगा पगारावर बसवला होता. इतकं करूनही गिऱ्हाइकाला ३३.६ के च्या वर कधी मिळालं नाही. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "तुमच्या गावच्या ताराच भिकार, त्याला आम्ही काय करणार?" मी ते खरं मानलं, याची आजही लाज वाटते. दुसरा एकजण आला तो थेट साठ लाईनींचं कोटेशन घेऊन. आमची गिऱ्हाइकं किती, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.

मग तुम्ही आलात. तुमचीही कंपनी असली यंत्रं विकायचीच, त्यामुळे मी सावधच होतो. पण तुम्ही दारात बूट काढले, सतरंजीवर अण्णांच्या शेजारी बसलात आणि कोपऱ्यातला जॅकार्डच्या, मागावर नक्षी पाडणाऱ्या जुन्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा मागून घेतलात.

"मालक," तुम्ही अण्णांना म्हणालात, "पुठ्ठ्याला भोक असतं किंवा नसतं. मधलं काही नसतं, बरोबर?"

अण्णांनी मान हलवली.

"टेलिफोन एक्स्चेंजच्या आत सगळा कारभार असा पुठ्ठ्यांचाच आहे. पण तुमचे हे मोडेम पुठ्ठ्यावरून चादर विणतात आणि चादर पाठवतात. एक्स्चेंज ती चादर बघून पुन्हा पुठ्ठे पाडतं. त्यात डिझाईन बिघडतं, म्हणून वेग ३३ वर अडकतो."

अण्णा क्षणभर थांबले. "मग चादर कशाला पाठवायची? पुठ्ठाच द्या की त्याला."

तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "झालं! मालकांना कळलं!"

साहेब, व्ही.९० चं, म्हणजे ५६ के मोडेमच्या मानकाचं, सगळं मर्म ते एवढंच. देणाऱ्याच्या बाजूनं लाईन डिजिटल हवी, तरच गिऱ्हाइकाकडे ५६ च्या जवळपास काही पोचतं, आणि तेही फक्त त्याच्याकडे येताना. त्याच्याकडून येणारं ३३ च्याच घरात राहतं. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सोळा खोकी विकली गेली नसती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याबरोबर एक्स्चेंजमध्ये आलात. एक्स्चेंजकडून डिजिटल लाईन पीआरआय पद्धतीची मिळेल की जुन्या आर-टू पद्धतीवरच भागवावं लागेल, हे यंत्र निवडण्याआधी विचारायचं असतं हे मला तिथं कळलं. अमेरिकेतली चोवीस कॉलची टी-वन ही डिजिटल लाईन आपल्याकडे नाही, आपली ई-वन तीस कॉलची, हेही. मग बाहेर चहा पिताना तुम्ही स्वतःच्याच धंद्यावर पाणी सोडलंत. "आमचं मोठं यंत्र घेऊ नका. एक ई-वन पुरे. दहा गिऱ्हाइकांमागे एक लाईन धरा, तीनशे होईपर्यंत दुसरी नको. आणि मागची, तुम्हाला इंटरनेटशी जोडणारी ६४ के ची लीज लाईन आधी वाढवा. तीसजण एका वेळी आले तर वाट्याला दोन-दोन के येतात, मग ५६ घेऊन काय चाटायचंय?"

पुढचं कोटेशनचं आणि बँकेचं रामायण सांगत बसत नाही. यंत्र एका माणसाला उचलता येईल एवढंच आलं, आणि मोडेमवाल्या पोराला आम्ही बिलांवर बसवलं. डायल-अप सात-आठ वर्षांत संपलं. धंदा पुढं केबलवर गेला, तो अजून चालू आहे. 'घेऊ नका' म्हणणारा विक्रेता मला नंतर दोनदाच भेटला. दोघांनाही मी तुमची गोष्ट सांगितली.

यंत्र बसल्यावर आठवडाभरात जॉबर कशाला तरी आला होता. अण्णा त्याला नव्या यंत्रापाशी घेऊन गेले आणि पुठ्ठा हातात धरून सगळं समजावलं, तुमच्याच शब्दांत. जाताना तो दारातून म्हणाला, "येतो मालक."

अण्णा आता नाहीत. त्यांनी तुमच्यासाठी एक चादर काढून ठेवली होती, ती अजून कपाटात आहे. आमचा नंबर तोच आहे, फक्त आधी २ लावा.

आपला,
मालकांचा मुलगा
साखर पेठ, सोलापूर