जमिनीला टेकणारा मिनी ट्रक आणि कापलेल्या स्प्रिंगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या मिनी ट्रकच्या चित्रफिती हल्ली इथल्या गॅरेजांत काम करणाऱ्या मुलांच्या मोबाइलवर सर्रास दिसतात. बटण दाबले की हवा सुटते आणि ट्रक पोटावर बसतो. अर्ध्या मिनिटात एवढेच दिसते, खालची चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, दिसत नाही. मग कोणी छोटा हत्तीच्या स्प्रिंगचे दोन पाटे काढतो, कोणी जुन्या मोटारीच्या कॉइल स्प्रिंगा ग्राइंडरने कापतो. आपल्या वाहनविषयक पानांवर अशा गाड्यांचे फोटो येतील तेव्हा आतले कामही छापून यावे, म्हणून हे पत्र.

कापलेली कॉइल आखूड होते तशी कडकही होते. तिला दबायला जागा उरत नाही आणि बंप रबर प्रत्येक खड्ड्यात आपटते. त्याहून वाईट म्हणजे चाक खाली लोंबले की स्प्रिंग सैल होऊन बैठकीतून निसटते. गॅस टॉर्चने तापवून बसवलेल्या स्प्रिंगचे पाणी (पोलादाचा कणखरपणा) उतरते आणि ती पुढेही खचत राहते. पाटे काढले तर उरलेल्या पाट्यांना वजनाबरोबर ब्रेक लावताना हाउसिंगचा (मागच्या अ‍ॅक्सलच्या पोलादी कवचाचा) पीळही झेलावा लागतो; ते 'एस'सारखे वाकतात आणि सेंटर बोल्टच्या भोकाशी तुटतात. पुढेही पाट्यांवरचा सरळ अ‍ॅक्सल असेल तर स्टीअरिंगचा जोर चाकाकडे नेणाऱ्या ड्रॅग लिंकचा कोन बिघडतो, मग खड्ड्यात चाक उसळले की स्टीअरिंग आपोआप ओढले जाते.

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात हा छंद वाढला तो डॅटसन, टोयोटा, माझदा आणि १९८२ मॉडेलपासूनच्या शेव्हरोले एस-१० या छोट्या पिकअपवर. त्यांची चासी बॉडीपासून वेगळी असते, म्हणून ती कापून नव्याने बांधता येते. दोन-तीन इंच खाली आणायला एवढा खटाटोप लागत नाही. एस-१०ला पुढे 'ड्रॉप स्पिंडल' बसवतात. त्यात चाकाचा स्टब (आस) सुमारे दोन इंच वर सरकवलेला असतो, त्यामुळे स्प्रिंग आणि आर्म यांची भूमिती जवळपास तशीच राहते. हाउसिंग पाट्याच्या वर असेल तर मधे ब्लॉक घालून लांब यू-बोल्ट लावतात. आमच्या मते रोज चालणाऱ्या ट्रकला यापुढे जाऊच नये.

चासी जमिनीला टेकवायची म्हटली की हिशेब पार बदलतो, आणि तो चाकापासून सुरू होतो. २० इंची रिमवर २२५/३५चा टायर घेतला तर बाहेरचा व्यास सुमारे ६६५ मिमी. म्हणजे ट्रक टेकलेला असताना अ‍ॅक्सलचे केंद्र जमिनीपासून साधारण ३३० मिमीवर येणार. हाउसिंगची नळी ७५ मिमीची धरली तर तिचा माथा ३७० मिमीच्या आसपास. वर किमान २५-३० मिमी मोकळी जागा हवी. म्हणून त्या ठिकाणी रेलची (चासीच्या लांब तुळईची) खालची कड जमिनीपासून ४०० मिमीवर असली पाहिजे. कंपनीची रेल तिथे कमानीसारखी थोडी उचललेली असते, पण इतकी नाही. रेलला अर्धगोल खाच घेऊन आत ६ मिमी प्लेट बसवण्याने दोन-चार इंच मिळतात. त्याहून जास्त हवे असेल तर मागची चासी कापून पायरीसारखी उचलावी लागते, आणि मग हौद्याची फरशीही कापावी लागते.

बहुतेक कामे बिघडतात ती या कापण्यात. कापण्याआधी चासी समपातळीत टेकवून आडवे-तिरपे आधार वेल्ड करावेत आणि दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवावेत. त्यांत ३ मिमीहून जास्त फरक दिसला तर पुढे जाऊ नये. पायरीसाठी २ x ४ इंची आयताकृती पाइप, जाडी ३/१६ इंच म्हणजे ४.८ मिमी. मूळ रेल सी-सेक्शनची, म्हणजे एका बाजूने उघडी, असेल तर जोडाच्या भागात आधी प्लेट लावून ती बंद पेटी करावी. जोड उभा न घेता ४५ अंशांत तिरका कापावा, आत स्लीव्ह घालावी, बाहेरून हिऱ्याच्या आकाराची प्लेट लावावी. रेलच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर आडवा सरळ वेल्ड टाकू नये, कारण वाकण्याचा ताण तिथेच सर्वाधिक असतो आणि वेल्डच्या कडेला तापलेल्या पट्ट्यातून तडा सुरू होतो. पाइपवरची काळी खपली घासून काढावी आणि डावी-उजवीकडे आलटूनपालटून छोटे टाके घ्यावेत. एका दमात लांब वेल्ड ओढला की रेल पिळवटते आणि मग चारही चाके एका पातळीत बसत नाहीत.

पाटे गेले की हाउसिंग धरायला चार लिंक, म्हणजे दांडे, लागतात. वरच्या दोन तिरप्या ठेवल्या तर अ‍ॅक्सल आडवा सरकत नाही. चारही समांतर असतील तर आडवा पॅनहार्ड रॉड हवाच. सगळे ब्रॅकेट आधी नुसते वेल्डच्या छोट्या टाक्यांवर धरावेत आणि गाडी चालवण्याच्या उंचीवर ठेवून कोन जमवावेत. गिअरबॉक्सची बाहेरची शाफ्ट आणि हाउसिंगमधले पिनियन (प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडली जाते ते दातेरी चाक) एकमेकांना समांतर हवेत, फरक एका अंशाच्या आत. हे चुकले तर प्रोपेलर शाफ्ट थरथरते आणि तिच्या सांध्यातले क्रॉस लवकर जातात.

हवेचा बेलो, म्हणजे स्प्रिंगच्या जागी बसणारी रबरी पिशवी, आपल्याकडे शिवनेरीच्या व्होल्वो बसमुळे ओळखीचा आहे. मिनी ट्रकला तो लहान आकारात लागतो. तो लिंकच्या मध्यावर बसवला तर चाकाची हालचाल बेलोच्या दुप्पट होते, पण बेलोवर भारही दुप्पट येतो. चालण्याच्या उंचीवर वरची-खालची प्लेट समांतर असावी आणि फुगलेल्या बेलोभोवती सगळीकडून निदान अर्धा इंच मोकळी जागा असावी. बेलो फुटतात ते दाबाने क्वचितच, बहुतेकदा घासून. हवा धक्का झेलते, पण उसळी शमवत नाही, म्हणून प्रत्येक चाकाला शॉकअप हवाच. मूळ शॉकअप कॉइलच्या आत असेल तर त्याला बाहेर नवी जागा करून द्यावी. प्रत्येक बेलोला भरायचा एक आणि सोडायचा एक, असे आठ व्हॉल्व्ह लागतात. साधारण २० लिटरची टाकी, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर, त्याला रिले आणि प्रेशर स्विच, टाकीपुढे पाण्याचा ट्रॅप. ट्रॅप नसला तर व्हॉल्व्ह गंजून अडकतात आणि एक कोपरा उभाच राहतो.

अमेरिकेत उंची बदलणारे सस्पेन्शन रुजले त्यामागे कायदाही होता. रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येणारी गाडी चालवायला कॅलिफोर्नियात १९५०च्या दशकाअखेरपासून बंदी होती. १ जानेवारी २०२४ पासून ते कलम रद्द झाले. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८चे गाडीतल्या बदलांबाबतचे कलम ५२ आहे, आणि उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा नोंदणी असलेल्या गाडीची चासी कापू नये. ज्यांना हे काम शिकायचे आहे त्यांनी भंगारातली चासी घ्यावी आणि आवारातच बांधावी. बांधून झाल्यावर सगळी हवा सोडून, मग पूर्ण भरून, दोन्ही वेळा स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. टाय रॉड रेलला लागतो का, बॉल जॉइंट अडकतो का, ब्रेकचा होज ताणला जातो का, हे तेव्हाच कळते.

आपले,
चासी फॅब्रिकेशन करणारे काही वाचक, कोल्हापूर