खेळता खेळता घडलेली प्रशिक्षक

महोदय,

अमेरिकेच्या बास्केटबॉल खेळाडू आणि प्रशिक्षक डॉन स्टेली यांची वाटचाल आपल्या क्रीडापानावर सविस्तर यावी, असे मनापासून वाटते. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना १९९१चा अंतिम सामना त्यांच्या संघाने जादा वेळेत गमावला आणि खेळाडू म्हणून महाविद्यालयीन विजेतेपद त्यांना कधीच लाभले नाही. तेच पुढे साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या प्रशिक्षक म्हणून त्यांनी २०१७, २०२२ आणि २०२४ मध्ये मिळवले. मला मात्र २००० नंतरची वर्षे अधिक मोलाची वाटतात, कारण तेव्हा त्या स्वतः व्यावसायिक संघाकडून खेळत असतानाच टेम्पल विद्यापीठाच्या मुलींना शिकवत होत्या. त्या पॉइंट गार्ड, म्हणजे मैदानावर संघाचा खेळ चालवणाऱ्या खेळाडू होत्या. अशा खेळाडूला चार सहकाऱ्यांच्या हालचाली सतत डोळ्यांपुढे ठेवाव्या लागतात; प्रशिक्षकपदाची निम्मी तयारी तिथेच होते.

आपला,
एक बास्केटबॉलप्रेमी वाचक