नेलकटर लटकवलेली बॅग

प्रिय अनघा,

तुझ्या नव्या बॅगेचा फोटो पोचून आठवडा झाला. "कशी दिसतेय? झाली का थोडी बर्किनसारखी?" असं तू विचारलंस आणि मी नुसता अंगठा पाठवून गप्प बसले. फुरंगटली असशील. पण दोन ओळींत उत्तर दिलं असतं तर ते नक्की टोचलं असतं, म्हणून हे पत्र.

बॅग सुंदर आहे, त्यात वाद नाही. माझं घोडं अडलंय ते हँडलला लोंबणाऱ्या त्या पाच वस्तूंपाशी. चेरी, अस्वल, मोत्यांची माळ, इवलासा बूट आणि रेशमी रुमाल. पाचही नव्याकोऱ्या, एकाच खोक्यातून निघालेल्या. अशा वस्तू लटकवून आपली बॅग जेन बर्किनच्या बॅगेसारखी करायची, याला हल्ली 'बर्किनिफाय करणं' म्हणतात, हे मलाही ठाऊक आहे. पण ज्या बाईच्या नावाने हे चाललंय, तिची बॅग कशी होती ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

ही जेन बर्किन, गायिका आणि अभिनेत्री, मूळची लंडनची. फ्रान्सला गेली आणि तिथलीच झाली. फ्रेंच गायक सर्ज गेन्सबूरबरोबरचं तिचं 1969 सालचं गाणं इतकं धीट होतं की बीबीसीने ते लावायचं बंद केलं, आणि तरीही ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. आवाज कुजबुजल्यासारखा, फ्रेंच बोलताना इंग्रजी हेल तसाच. कपडे म्हणशील तर जीन्स, साधा टी-शर्ट, पुरुषी शर्ट, कपाळावर केसांची झालर. आणि हातात वेताची टोपली! मोठ्या समारंभात झगमगता पोशाख घालून जायचं असलं तरी सोबत तीच टोपली. आपण कपड्यांना शोभेल अशी बॅग शोधतो. तिला सामान मावलं की पुरे.

बॅगेची गोष्ट त्या सामानातूनच सुरू झाली. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिस-लंडन विमानात तिचं सामान सांडलं. शेजारी बसले होते जॉं-लुई द्यूमा, चामड्याच्या महागड्या वस्तू करणाऱ्या एर्मेस या फ्रेंच कंपनीचे प्रमुख. (हर्मीस नव्हे गं, एर्मेस. फ्रेंच लोक एच गिळतात.) ही गोष्ट ती जन्मभर सांगत राहिली आणि दर वेळी थोडी वेगळी सांगायची. कधी टोपलीतून सांडायचं, कधी डायरीतून कागद. पण गाभा तोच: लेकुरवाळ्या बाईला पुरेल अशी बॅगच मिळत नाही, ही तिची तक्रार. तिची धाकटी लू तेव्हा तान्ही होती. मग विमानात उलटीसाठी ठेवतात ना, त्या कागदी पिशवीवर चित्र काढलं गेलं, आणि 1984 साली बॅग तयार झाली, तिच्याच नावाची: बर्किन. अभिनेत्री ग्रेस केलीच्या नावाची बॅग त्या कंपनीत आधीपासून होती. ही तिच्याहून ऐसपैस, वरून चटकन उघडणारी.

जगातल्या सगळ्यात मिजासखोर बॅगेचा जन्म बाळाच्या दुधाच्या बाटल्या कुठे ठेवायच्या या अडचणीतून झाला, हे मला फार आवडतं.

आता ती पहिली बॅग. काळं चामडं, फ्लॅपवर जे. बी. ही अक्षरं, आणि खांद्याचा पट्टा कायमचा जोडलेला. पुढे विकायला आलेल्या बर्किनला तो नाही. सोबत लटकलेलं नेलकटर, कारण तिला नखं वाढवणं मुळीच आवडायचं नाही. बॅगेवर तिने युनिसेफचे आणि 'मेदसँ द्यु मोंद' या डॉक्टरांच्या संस्थेचे स्टिकर चिकटवले होते. लाखमोलाच्या चामड्यावर, डिंकाने! त्याचे डाग आजही दिसतात. नंतरच्या बॅगांना माळा आणि ताईत लटकले, ते जिथे जाईल तिथून गोळा झालेले. बॅग टम्म फुगलेली, तोंड उघडं, कागद बाहेर डोकावताहेत. फ्रेंच दिग्दर्शिका आन्येस वार्दाने तिच्यावर केलेल्या 1988च्या चित्रपटात तर ती कॅमेऱ्यासमोर बॅग सरळ जमिनीवर ओतते आणि वर म्हणते की सगळं दाखवलं तरी माणूस फारसा कळत नाहीच.

आणि ती बॅग हे सोसायचीही, कारण ती सोसण्यासाठीच शिवलेली असते. एर्मेस हे 1837पासूनचं घोड्याचा साज बनवणारं घर, म्हणून शिवण खोगिराची. आरीने भोक पाडायचं, मेण लावलेला सुती नव्हे तर जवसाचा दोरा घ्यायचा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर जायच्या. मशीनच्या शिवणीत एक टाका तुटला की पुढचे उसवत जातात. इथे शेजारचा टाका धरून ठेवतो. पहिल्या टाक्यापासून शेवटपर्यंत एकच कारागीर ती बॅग करतो. जे घोड्याच्या पाठीवर टिकायला हवं, ते आपण कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवतो.

हे मी स्वतःलाच बोलतेय. तुला ती माझी तपकिरी बॅग आठवते? पहिल्या मोठ्या पगारवाढीची. दोन लग्नांना आणि एका मुलाखतीला नेली, बस्स. पावसात भिजेल, पेनाची शाई लागेल, कोणी खाली ठेवेल. परवा काढली तर आतल्या अस्तरावर बुरशी आणि पट्ट्याच्या वळणावर चिरा. जपून जपून मारली मी तिला.

जेनने मात्र आपल्या बॅगा वापरल्या आणि देऊन टाकल्या. पहिली 1994 साली एड्ससाठी काम करणाऱ्या संस्थेला, लिलावासाठी. 2011च्या भूकंप-त्सुनामीनंतर जपानच्या मदतीसाठी आणखी एक. बॅग फार जड आहे, तिच्यामुळे हात दुखावला, अशी कुरकुरही ती खुशाल करायची, स्वतःच्या नावाच्या बॅगेबद्दल! 2015 साली मगरींच्या हालांचं वृत्त आलं तेव्हा मगरीच्या कातड्याच्या बॅगेवरून आपलं नाव काढा, असं तिने जाहीर सांगितलं. कंपनीच्या उत्तराने समाधान झाल्यावरच तिने ते मागे घेतलं.

2023च्या जुलैमध्ये ती गेली. दोन वर्षांनी, 10 जुलै 2025ला, ती काळी पहिली बॅग पॅरिसमध्ये सदबीजच्या लिलावात आली. बोली 10 लाख युरोपासून सुरू झाली आणि दहा मिनिटांत संपली. फी धरून 86 लाख युरो! ओरखडे, डाग, डिंक यांच्यासकट. तू तेव्हा विचारलं होतंस, "एवढ्या जुनाट बॅगेला?" मला वाटतं, त्या डागांचेच पैसे होते. दुकानातल्या कोऱ्या बर्किनवर ते मिळत नाहीत, म्हणून लोक खोक्यातली चेरी घेतात.

आता तुझ्याबद्दल. कॉलेजात तुझी ती निळी झोळी होती ना, तिच्या बंदाला तू मोडक्या छत्रीची मूठ बांधली होतीस, कारण रिकाम्या हाताला काहीतरी धरायला लागायचं. बाजूला शाईचा डाग, आणि तो लपवायला ट्रेकच्या गटाचा बिल्ला. लांबून झोळी दिसली की आम्ही म्हणायचो, आली अनघा. तुझं तोंड दिसायच्या आधी.

तेव्हा ती चेरी आणि तो बूट काढ बाई. अस्वल राहू दे, ते तुझ्यासारखंच रुसलेलं दिसतं. बाबांच्या स्कूटरची किल्ली अजून तुझ्याकडे असेल तर ती अडकव, स्कूटर गेली असली तरी. आणि पुढच्या महिन्यात भेटू तेव्हा बॅग नीट भरून आण, मांडीवर घेऊन बसू नकोस. खाली ठेव. पहिला ओरखडा मी पाडते हवं तर.

तुझी,
वृंदा