सामान हलवण्याच्या दिवशी लहान मुलांसाठी सोसायटीचं ऑफिस उघडं ठेवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती

महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारी आम्ही डोंबिवलीहून ठाण्यात, आपल्या बी विंगमध्ये पाचव्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो. नोंदणी केलेला करार, पोलीस पडताळणीची प्रत आणि शिफ्टिंगचे पैसे आठ दिवस आधीच ऑफिसात दिले होते. तरी त्या दुपारी माझ्या १९ महिन्यांच्या लेकीचे दोन तास पार्किंगमध्ये गेले. दुसऱ्या कुणाच्या लेकरावर ही वेळ येऊ नये, म्हणून लिहीत आहे.

टेम्पो शिळफाट्याच्या कोंडीत अडकला आणि सव्वा वाजता गेटवर आला. १ ते ४ सामानासाठी लिफ्ट बंद असते, हे आम्हाला तेव्हा कळलं. पावसामुळे ताडपत्री सोडता येईना. वर घर रिकामं होतं, पण आदल्या दिवशीच पेस्ट कंट्रोल झालेलं. त्या वासात तिला ठेवायची माझी हिंमत झाली नाही. तिचा वरणभात खाली आणलेल्या पिशवीत होता, पण वाटी-चमचा टेम्पोतल्या कुठल्यातरी खोक्यात. झोळी तर सगळ्यात आत, कपाटामागे. (निघताना झोळी शेवटी काढायची आणि पोचल्यावर पहिली बांधायची, हे आता मी प्रत्येक आईला सांगते.)

मोठ्यांना सामान म्हणजे खोकी. एवढ्या लहान मुलाला मात्र तेच घर असतं. सकाळी तिच्यासमोर पडदे उतरले, पलंग सुटा झाला, भिंती उघड्या पडल्या. ती रडली नाही, फक्त माझा पदर सोडेना. पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीच्या हॉर्नला दचकत होती आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, “घली चल.” कुठल्या घरी नेऊ, ते मलाच कळत नव्हतं. वॉचमनदादांनी स्वतःची खुर्ची दिली. सव्वातीनला तळमजल्यावरच्या आजींनी आम्हाला आत बोलावलं, भात गरम करून त्यांच्या वाटीत भरवला, आणि ती त्यांच्याच मांडीवर झोपली. त्या आजींचे उपकार मी विसरणार नाही.

दुपारचा नियम बदला, असं माझं म्हणणं नाही. आता माझीही लेक त्याच वेळी झोपते, आणि वर कुणी कपाट सरकवलं तर उठते. पण आपलं ऑफिस १ वाजता कुलूपबंद होतं. तिथे पंखा आहे, बाक आहे, शेजारी बाथरूम आहे. ज्या दिवशी कुणी राहायला येणार किंवा जाणार असेल, त्या दिवशी ऑफिसची किल्ली वॉचमनकडे ठेवावी. लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस कुणीही तिथे टेकेल. कागदपत्रांची भीती असेल तर कपाटाला कुलूप असतंच. लिफ्टची वेळ शिफ्टिंगच्या पावतीवर छापावी, म्हणजे टेम्पोवाल्याला तसं सांगता येईल. आणि बंद वेळेतही बाळाची झोळी, गादी नि खाण्याची पिशवी एवढी एक फेरी लिफ्टने जाऊ द्यावी.

मी भाडेकरू, फार तर नाममात्र सभासद. सभेत मला मत नाही याची जाणीव आहे, म्हणूनच पत्रातून विनंती करते आहे. पावतीचा नवा मजकूर मी टाइप करून देईन. ऑफिसात ठेवायला सतरंजी, स्टीलची वाटी-चमचा आणि पाण्याचा जग आमच्याकडून घ्यावा. आजच वॉचमनकडे देऊन ठेवते.

येत्या रविवारी ए विंगमध्ये एक कुटुंब येणार असल्याचं कळलं. त्यांच्याकडे जुळी मुलं आहेत. महिन्याच्या सभेपर्यंत थांबावं लागणार असेल, तर निदान त्या एका दिवसापुरती किल्ली खाली ठेवायला सांगावं. मी दुपारभर घरीच आहे, ऑफिसात बसायला येईन.

आपली नम्र,
बी विंग, पाचवा मजला