हलगी-संबळवाल्या काकांना पत्र

काका, नमस्कार.

त्या दिवशी गडबडीत तुमचं नावसुद्धा विचारलं नाही. म्हणून हे पत्र असं सगळ्यांदेखत लिहितेय. कुणी वाचून दाखवलं तर ओळख पटेल: कूलरसमोर तबला ठेवणाऱ्या पोराची आई मीच.

जगात जर्मनी, भारतात परभणी असं आपण म्हणतो खरं, पण मे महिन्यात दुपारी चारला कलामहोत्सव ठेवायची हिंमत जर्मनीतही कुणी करणार नाही. शाळेचं पटांगण संध्याकाळी लग्नाला दिलेलं, मग काय करणार! लिंबाखाली चित्रं मांडलेली, रांगोळीवाल्या पोरी घाम पुसत बसलेल्या, आणि कडेला चादरीवर तुमची वाद्यं: हलगी, दिमडी, संबळ.

माझा मुलगा अकरा वर्षांचा. पहिल्यांदाच स्टेजवर तीनताल वाजवणार होता. भर उन्हातून स्कूटीवर तबला आणला आणि वर पत्र्याच्या मंडपात ठेवला. पेटीवाल्यांनी काळी एकचा सूर धरला, तर तबल्याचा सूर पार वर चढलेला. गार केला की उतरेल म्हणून पोरानं तो कूलरसमोर नेऊन ठेवला. कुणी अडवलं नाही, मीही नाही. दहा मिनिटांत दमट वाऱ्याकडची बाजू सैल आणि पलीकडची तशीच ताठ. एकाच तबल्यात दोन सूर! हातोडी घरी राहिलेली. माईकवर नाव पुकारलं आणि ह्याचे डोळे भरून आले.

तेव्हा तुम्ही गिऱ्हाईक सोडून उठलात. "रडायलास कायला? आण इकडं. कूलर माणसाला असतोय, तबल्याला नाही."

मांडीवर घेऊन आधी काठाच्या एकेका घरावर (भागावर) बोट वाजवून नुसतं ऐकलंत. सोळा घरं, घाई नाही. मग जिथं सूर चढलेला तिथं गजऱ्याला (काठावरच्या चामड्याच्या वेणीला) खालून हलके ठोके, जिथं उतरलेला तिथं वरून. एका घरावर ठोका मारला की समोरचं घर तपासायचं, पुन्हा ऐकायचं. बाजूचे दोन लाकडी गठ्ठे अंगठ्यानंच सरकवलेत. मी घाबरून ओलं फडकं पुढं केलं, तर तुम्ही माझ्यावरच डाफरलात, तबल्यावरच्या काळ्या शाईला पाणी लागलं तर संपलं म्हणून. (बरं केलंत. मी सवयीनं लावलंच असतं.) पावसाळ्यात हलगी जाळावर शेकल्याशिवाय बोलत नाही आणि उन्हाळ्यात तबला गप बसत नाही, हेही तेव्हाच सांगितलंत. चामडं हवा खातं, एवढं साधं मला चार वर्षांच्या क्लासच्या फीमध्ये कळलं नव्हतं.

पोरगं वाजवून आलं. कायदा (तालातली बांधीव रचना) नीट गेला, तिहाई वाजवताना (तोच तुकडा तीनदा) एकदा गडबडलं, पण सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सापडली. तुम्ही खालून मान डोलावलीत तेवढी त्यानं पाहिली. माझ्या टाळ्या त्याला ऐकू आल्या नाहीत म्हणे.

नंतर तुम्ही संबळ कमरेला बांधून उभे राहिलात. एक काडी सरळ, एक टोकाला वाकलेली. गोंधळी राजारामबापू कदमांच्या गावात राहून मी आजवर देवीचा गोंधळ फक्त लग्नाच्या आधल्या रात्री, जेवणाच्या गडबडीत अर्धवट ऐकला होता. त्या दिवशी पहिल्यांदा पुढं बसून ऐकला. संबळाचा तो टणत्कार अजून कानात आहे.

पैसे घेतले नाहीत. उसाचा रस तेवढा घेतलात, तोही बर्फ नको म्हणून.

आणि एक. तुमची हातोडी आमच्या तबल्याच्या पिशवीत आलीय, दांड्याला लाल दोरा गुंडाळलेली. पोरगं म्हणतंय, काकांनी मलाच दिली. मला खात्री नाही. तुम्ही कुठल्या गल्लीत राहता तेवढा निरोप द्या, आम्ही दोघं घेऊन येतो. त्याला संबळ हातात धरून बघायचाय.

तुमची,
तबल्यावाल्या पोराची आई